नॉर्मलची नळी

दादाचं पोट हा घरात पहिल्यापासून थट्टेचा विषय होता. कुठे जायचं म्हटलं की निघायच्या ऐन वेळी तो आत जाऊन कडी लावून बसायचा आणि बाकीचे सगळे बाहेर चपला घालून ताटकळत उभे. वहिनी म्हणायची, "लग्नाच्या दिवशीसुद्धा असंच केलं होतं. मला वाटलं, नवरा पळाला." त्यावर आतून आवाज यायचा, "पळायला आधी पोट रिकामं लागतं!"

हसता हसता असे खूप दिवस निघून गेले. दादा वाळत चालला होता, ते कुणाच्या नजरेत आलं नाही. आलं ते धाकट्या बहिणीच्या. तिची नजरच तशी होती, आणि मुलगी झाल्यापासून तर जास्तच. मुलीने दोन घास कमी खाल्ले तरी हिचं दिवसभर कशात लक्ष लागायचं नाही. घराबाहेर पडताना गॅस बंद आहे का ते बघायची, आणि अर्धा जिना उतरून परत वर येऊन पुन्हा बघायची. नवरा म्हणायचा, "काळजी करायला काही नसलं तर तुला त्याचीसुद्धा काळजी वाटेल."

तर एका रविवारी दादा भिंगरीला खांद्यावर घेऊन घरभर नाचत होता. भिंगरी म्हणजे हिची मुलगी. एका जागी कधी ठरायची नाही म्हणून दादानेच ठेवलेलं नाव. दादा-वहिनीला मूल नव्हतं, त्यामुळे दोघांचा सगळा जीव भिंगरीवर. मामा-भाचीचा तो धिंगाणा बघता बघता बहिणीची नजर दादाच्या कमरेच्या पट्ट्यावर गेली. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं होती.

"दादा, हे काय?"

"काय?"

"पट्टा."

"बारीक होतोय. तुझ्या वहिनीला बारीक नवरा आवडतो."

"मला कुणी विचारलं का?" वहिनी आतून म्हणाली, पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. मग ती हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्याने शपथ घालून जे इतके दिवस दाबून ठेवायला लावलं होतं ते एका दमात बोलून मोकळी झाली. रक्त पडतं. कधीपासून पडतं, ते तिलाही नीट माहीत नव्हतं.

"मूळव्याध आहे गं," दादा म्हणाला. "बाबांनाही होती."

बाबांनाही होती, हे ऐकलं आणि बहिणीने भिंगरीला त्याच्या खांद्यावरून खाली उतरवून घेतलं. बाबा गेले तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. पोटाच्या दुखण्याने गेले, एवढंच घरात बोललं जायचं. दादा आता त्यांच्या तेव्हाच्या वयाला आला होता.

मूळव्याध नव्हतीच. दुर्बीण आत घातली तेव्हा मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला गाठ दिसली. भूल उतरल्यावर दादा पहिलं काय बोलला तर, "आयुष्यभर लोकांचे तुंबलेले पाइप तार घालून मोकळे केले. आज माझ्यातच तार घातली." तो प्लंबर होता. आईच्या मागे ह्याच कामावर त्याने बहिणीला कॉलेजपर्यंत शिकवलं होतं, आणि त्या शिक्षणावरून तिला 'शहाणे' म्हणून हाक मारायचा. कौतुकाने की चिडवायला, ते त्याचं त्यालाच माहीत.

सर्जन उंच, कमी बोलणारा माणूस होता. त्याने कागदावर आतडं काढून दाखवलं आणि त्यावर पेन टेकवलं.

"गाठीचा तुकडा तपासला, त्यात एक गोष्ट खटकली आहे. पेशी वाढताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा बारीकसारीक चुका होतात. त्या दुरुस्त करणारं एक प्रथिन ह्या गाठीत नाहीच. आता हे बिघडलेलं फक्त गाठीत आहे, की तुम्ही जन्मतःच बिघडलेला जीन घेऊन आलात, ते रक्तावरून कळेल. जन्माचं असेल तर उरलेल्या आतड्यातही पुढे कधी ना कधी दुसरी गाठ येण्याची भीती मोठी. मग मी मोठं आतडं सगळंच काढेन आणि लहान आतडं खाली जोडून देईन. नसेल, तर गाठीपुरता भाग काढायचा."

"आणि रिपोर्ट आलाच नाही तर?" दादाने विचारलं.

"तर गाठीपुरताच. पुरावा नसताना कुणाचं चांगलं आतडं मी काढत नाही. आणि थांबता येणार नाही. वाट आवळत चालली आहे. गुरुवारी करू."

रक्त तपासायचं होतं ते बहिणीच्याच लॅबमध्ये. ह्याच हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत ती कितीतरी वर्षं काम करत होती. रक्तातून डीएनए वेगळा काढायचा, हवा तेवढा भाग मशीनला वाचायला द्यायचा, आणि कुठे अक्षर बदललंय का ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. तिच्या स्वभावाचं काम. घरी जी काळजी सगळ्यांना नकोशी व्हायची, तिचं इथे कौतुक होतं. तिने कधी नळीचं झाकण उघडं टाकलं नाही, की एका नळीत घातलेलं पिपेटचं टोक दुसरीला लावलं नाही.

पण मॅडमनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "भावाच्या सँपलला तू हात लावायचा नाही. तुझे हात थरथरणार, आणि नाही थरथरले तरी उद्या कुणी बोलायला नको." मॅडम लॅबच्या प्रमुख, दुसरीकडून इथे येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. काम गेलं बडबडीकडे. बडबडी म्हणजे हिच्या हाताखाली शिकून तयार झालेली मुलगी. हात चांगला, पण तोंड मशीनपेक्षा जास्त चालायचं.

दादाचं जन्माचंच निघालं तर पुढे बहिणीनेही रक्त तपासून घ्यावं, हे ओघानेच आलं होतं. सर्जनने म्हटलं होतं, मॅडमनी म्हटलं होतं, नवऱ्याने दोनदा विचारलं होतं. ती म्हणाली, "आधी दादाचं होऊ दे." खरं म्हणजे तिला ते कधीच नको होतं. तिच्यात असलं तर भिंगरीतही असू शकतं, आणि ते कळल्यावर रोज त्या पोरीची वेणी कशी घालायची, तिला झोका कसा द्यायचा? जगातली प्रत्येक गोष्ट दोनदा बघणारी ही बाई, एवढ्या एका गोष्टीकडे तिला बघायचं नव्हतं.

मंगळवारी दुपारी बडबडी दारात येऊन उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. बडबडी गप्प म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे लॅबच्या फरशीलाही कळलं असतं.

"काय गं?"

"ताई, दादांचं वाचून झालं. बदल आहे." तिने ओठ चावला. "पण मी ते सांगायला नाही आले. म्हणजे तेही. पण... कंट्रोलमध्येही तेच आलंय."

दोघी मशीनपाशी गेल्या. पडद्यावर डीएनएची अक्षरं रंगीत टेकड्यांसारखी दिसतात, एका अक्षराला एक टेकडी. आईवडिलांकडून वेगवेगळं अक्षर आलं असेल, तर त्या जागी एकात एक अशा दोन टेकड्या. वरच्या रांगेत, दादाच्या, एका जागी दोन टेकड्या होत्या. सर्जनला हवा होता तो पुरावा हाच. मधली रांग कंट्रोलची, म्हणजे निरोगी माणसाच्या डीएनएची. आजाऱ्याचं वाचताना ताडून बघायला तो शेजारी ठेवावाच लागतो. तिथे त्या जागी एकच टेकडी हवी होती. तिथेही दोन होत्या. खालची रांग नुसत्या पाण्याची, कुठे काही मिसळलं असेल तर कळावं म्हणून. ती सपाट होती, जशी असायला हवी तशी.

"माझ्याच हातून दादांचा थेंब कंट्रोलमध्ये गेला असणार," बडबडी रडकुंडीला आली होती. "मॅडम सोलून काढतील मला. पण ताई, पाणी तर स्वच्छ आहे ना? आणि दोन्ही टेकड्या बघा, सारख्या उंच. थेंबभर मिसळलं असतं तर एक बुटकी नको का यायला? मला काही कळतच नाहीये."

"कंट्रोल कुठला घेतलास?"

"नेहमीचाच. फ्रीजरमधला जुना. 'नॉर्मल' लिहिलेला."

बहिणीने खुर्ची ओढून घेतली आणि बसली.

निरोगी डीएनए कुठून आणायचा, हा लॅबमध्ये नेहमीचा प्रश्न असतो. बाहेर कुणाकडे मागत फिरण्यापेक्षा आतलंच कुणीतरी बाही वर करतं; कितीतरी ठिकाणी असंच चालतं. ही लॅब नवी नवी उघडली तेव्हा जुन्या सरांनी तिलाच खुर्चीत बसवलं होतं. "तरुण आहेस, धडधाकट आहेस, साधी सर्दी होत नाही तुला. तुझ्याइतकं नॉर्मल इथे आहे कोण?" सगळे हसले होते. तिचं रक्त काढलं, त्यातून डीएनए काढला, बारीक बारीक नळ्यांत भरला, आणि प्रत्येक नळीवर मार्करने एवढंच लिहिलं: नॉर्मल. कुणाचं, ते लिहायची गरजच नव्हती. तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. पुढे सर निवृत्त झाले, बाकीचे एकेक करून पांगले. ज्या ज्या तपासण्या तेव्हापासून चालत होत्या त्यांत ती खरोखरच नॉर्मल होती, काही अडलं नाही. आणि हा जीन लॅबने आत्ता आत्ता वाचायला घेतला होता. त्याच्यासाठी नेहमीची नळी फ्रीजरमधून निघाली, आणि ती कुणाची, हे हिच्याही डोक्यात आलं नाही. आपलं रक्त आपलं असतं हे ती विसरून गेली होती. ते लॅबचं होतं. ते नॉर्मल होतं.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी पडद्याकडे एकदा बघितलं आणि श्वास सोडला. "मिसळलंय. दुसरं काय! ती नळी टाकून द्या, कुणाचं तरी नवीन रक्त घ्या आणि पहिल्यापासून लावा."

"शुक्रवार उजाडेल, मॅडम," बडबडी म्हणाली.

"मग उजाडू दे. अशा कंट्रोलवर मी सही करणार नाही." त्यांनी तिथूनच सर्जनला फोन लावला. पलीकडचं बोलणं खोलीभर ऐकू येत होतं: रिपोर्ट नाही तर नाही, गुरुवार पुढे ढकलता येणार नाही, गाठीपुरतं काढून मोकळा होतो.

बोलायची वेळ तीच होती. एक वाक्य पुरलं असतं. पण जिने आयुष्यात एक नळी खराब होऊ दिली नाही, ती मनातल्या मनात हात जोडून म्हणत होती, मिसळलेलंच असू दे. कुणाची तरी चूक असू दे. ह्या पोरीचीच असू दे. पाणी स्वच्छ होतं, टेकड्या सारख्या होत्या, आणि ती दादाची सख्खी बहीण होती. तिला कळायचं काहीएक राहिलं नव्हतं. तरी तिने बडबडीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "होतं गं असं कधीकधी."

संध्याकाळी ती वॉर्डात गेली. दादाची कॉट खिडकीशी होती. त्याला नुसतं पाणी आणि पातळ काहीतरी एवढंच चालू होतं, आणि गालफडं आत गेली होती, पण जीभ शाबूत होती.

"आली शहाणी! रिपोर्ट आणलास?"

"अजून नाही."

"तुमचं मशीनही पुढच्या आठवड्यात या म्हणतं वाटतं?"

"तिला टेकू तरी द्या," वहिनी म्हणाली. "तोंड बघा कसं सुकलंय."

"माझं बघून सुकलं असेल. तू रोज बघतेस म्हणून तुला सवय झाली."

वहिनीने त्याच्या पायावर चापट मारली आणि बाटली घेऊन पाणी आणायला गेली. ती दाराबाहेर जाईपर्यंत दादा हसत होता. मग हसू उतरलं.

"दादा," बहीण म्हणाली, "समजा तुलाच विचारलं, अर्धं की सगळं? काय सांगशील?"

"सगळं." त्याने विचारही केला नाही. "सडलेली लाइन अर्धी बदलायची नसते गं. मी गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगतो, ऐकत नाहीत, आणि मग परत मलाच फोन. मला परत ह्या कॉटवर यायचं नाही. तुझ्या वहिनीला त्या बाहेरच्या बाकावर परत बसवायचं नाही. डोळ्याला डोळा लागलेला नाही तिचा. काय काढायचं ते एकदाच काढा म्हणावं." थोडं थांबून म्हणाला, "म्हणून मला वाटतं, ते बाबांचंच निघावं."

"असं काय बोलतोस?"

"का? उलट बरंय. तुझी वहिनी रोज स्वतःला बोल लावत असते, मी काय खायला घातलं, माझं काय चुकलं. ती तरी सुटेल. आणि एक सांगू?" त्याने तिचं मनगट धरलं. त्याच्या हाताची हाडं तिला लागली. "बाबांचं माझ्याकडे आलं म्हणजे तुझ्याकडे नाही आलं. नाक त्यांचं मी घेतलं, टक्कल घेतलं, पोट घेतलं. तू आईवर गेलीस, अख्खीच्या अख्खी. दोघांत एकाने घ्यायचं होतं, ते मी घेतलं. पडल्या पडल्या ह्याचं किती बरं वाटतं मला, तुला नाही कळायचं."

असं काही नसतं. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्याने उडतं, पहिल्याचं काय पडलं त्याच्याशी दुसऱ्याचा संबंध नसतो. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी ती हे शिकली होती.

"हो," ती म्हणाली.

"भिंगरी माझ्यावर गेलीय, ते मान्य. डोक्यावरचा भोवरा माझा, हसणं तर थेट माझं. पण ते आपलं वरवरचं." आणि तो परत हसायला लागला, कारण वहिनी दारात दिसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भिंगरीला बालवाडीत सोडलं. मुलीने हात सोडवून घेतला आणि मागे वळून न बघता धूम ठोकली. आत कुणाशी तरी काहीतरी झालं आणि ती हसली: डोकं मागे टाकून, तोंड उघडं, आवाज नंतर. मामाचं हसणं. आई कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून उभी राहिली. बाकीच्या आया आल्या, गेल्या. तिला वाटलं, न सांगितलं तर काय होईल? शुक्रवारी नवीन कंट्रोलवर दादाचा रिपोर्ट येईलच, फक्त तोवर अर्धं आतडं आत राहिलेलं असेल. वर्षा-दोन वर्षांनी कदाचित परत गाठ, परत ती कॉट, परत वहिनी बाकावर. कदाचित काहीच नाही. आणि इकडे फ्रीजरमधली नळी कचऱ्यात गेलेली असेल, आणि ती आईवर गेलेली राहील.

जाळीतून बोटं काढली तेव्हा त्यांवर लाल चौकोन उमटले होते.

मॅडम नुकत्याच येऊन टेबल पुसत होत्या. ही दारातूनच म्हणाली, "मॅडम, तो कंट्रोल मिसळलेला नाही."

"मग काय आहे?"

"माझा आहे."

"तू तयार केलेला? बरं, मग?"

"माझं रक्त आहे त्यात. लॅब उघडली तेव्हा माझंच घेतलं होतं."

मॅडमच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्यांनी चष्मा काढला, परत घातला. "बस तू आधी."

"बसत नाही. सर्जनना फोन करा. पाणी स्वच्छ आहे, सख्ख्या भावाबहिणीत एकच बदल आहे, मिसळलेलं काही नाही. दादाचा रिपोर्ट बरोबर आहे."

"तू काय सांगते आहेस ते कळतंय ना तुला?"

"मॅडम, ते वाचायला बडबडीला मीच शिकवलंय."

मॅडम उठून तिच्याजवळ आल्या. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण जे म्हणायचं ते पेशंटना म्हणायचं असतं, शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला नाही. "तुझं नव्याने, रीतसर रक्त घेऊन परत बघू," त्या एवढंच म्हणाल्या. "तुला हवं तेव्हा."

"बघा. पण आधी फोन."

बाहेर बडबडी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. डोळे भरून आले होते. "ताई, मी कालच टाकणार होते ती नळी. डबा भरला होता म्हणून राहिली."

"बरं झालं नाही टाकलीस."

"खरंच बरं झालं?"

ती हातमोजे घालायला लागली, तर बोटं चुकीच्या जागी जात होती. शेवटी बडबडीने तिचा हात धरून एकेक बोट आत बसवलं.

गुरुवारी सकाळी दादाला आत नेलं. ढकलगाडीवरून जाताना त्याने वहिनीला सांगितलं, "ह्या वेळी पळालोच तर पोट रिकामं आहे हो." वहिनी हसली आणि दार बंद झाल्यावर नणंदेच्या खांद्यावर डोकं टेकून राहिली. ऊन बाकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं. मग सर्जन टोपी काढत बाहेर आला. मोठं आतडं सगळं काढलं होतं. जोड नीट बसला होता. पोटावर पिशवी लावावी लागली नव्हती. वहिनीने त्याच्यापुढे हात जोडले, तसा तो अवघडून बाजूला झाला आणि म्हणाला, "काढलेलं तपासून येऊ दे. मग बोलू."

ते तपासलं जाणार होतं बहिणीच्याच मजल्यावर, पलीकडच्या खोलीत. ती मुद्दाम तिकडे फिरकली नाही. पण सोमवारी ती जेवायला गेली, तर टेबलावरचं बोलणं थांबलं. बडबडी ताटात बघत बसली. तेवढ्याने तिला कळलं. तरी तिने विचारलं, "गाठीशेजारच्या ग्रंथींत पण आहे?"

बडबडीने होकारार्थी मान हलवली.

"एखाद-दुसऱ्या ग्रंथीतच?"

"नाही ताई. बऱ्याच."

म्हणजे कॅन्सर गाठीबाहेर पसरायला लागला होता. त्यावर औषधं होती. ज्या बिघाडामुळे गाठ झाली त्याच बिघाडामुळे अशा गाठींवर काही नवी औषधं लागू पडतात, हेही तिला ठाऊक होतं. लागू पडली तर. सर्जन हे दादाला त्याच्या वेळी, त्याच्या पद्धतीने सांगणार होता. तोवर तिने अळीमिळी गुपचिळी करायची होती.

मंगळवारी ती गेली तेव्हा दादा उशीला टेकून बसला होता आणि दुसरी एक उशी पोटाशी धरली होती. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून खोकताना, हसताना ती पोटावर दाबायची, असं नर्सने शिकवलं होतं. वहिनी घरी अंघोळीला गेली होती. सर्जनची फेरी चालू होती. त्याने दादाचं पोट बघितलं, समाधानाने मान हलवली, आणि जाता जाता म्हणाला, "बहिणीचे आभार माना. तिने स्वतःचं सांगितलं नसतं तर मी अर्धंच काढलं असतं." त्याला वाटलं होतं, हे भावाला माहीत असणार. तो पुढच्या कॉटकडे गेला.

दादा तिच्याकडे बघत राहिला.

"स्वतःचं काय सांगितलंस?"

"काही नाही रे. लॅबमधलं."

"शहाणे."

तिने सांगितलं. नळी, टेकड्या, सगळं. जेवढं सोपं करून सांगता आलं तेवढं. दादा ऐकत होता. कठीण काम समोर आलं की तो असाच ऐकायचा, पाइपाला कान लावल्यासारखा.

"म्हणजे तूपण," तो शेवटी म्हणाला.

"माझं वेगळं आहे. मला आधी कळलंय. दरवर्षी दुर्बिणीतून बघायचं, बारीक काही दिसलं की तेव्हाच खुडून टाकायचं. गाठ होऊच द्यायची नाही. तुझ्यामुळे कळलं मला."

"माझ्यामुळे." त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. "एक गोष्ट घेतली होती मी आयुष्यात तुझ्या वाटची. तीपण नाही."

गाठ आहे कळल्यावर तो रडला नव्हता. आत नेताना रडला नव्हता. आता त्याचे खांदे हलायला लागले, आणि हललं की टाके ओढले जायचे, आणि दुखलं की तो आणखी हलायचा. उशी त्याच्या हातातून घसरली. तिने वाकून ती उचलली, त्याच्या पोटावर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली.

"हळू. दादा, हळू. श्वास घे."

बऱ्याच वेळाने त्याने बाहीला नाक पुसलं. "तुझी दुर्बीण कधी आहे?"

"पुढच्या सोमवारी."

"मी येतो बरोबर."

"आधी दारापर्यंत चालून दाखव."

तो हसायला गेला आणि कळवळला. ती उशी दाबून बसून राहिली.

"आणि भिंगरीचं?"

"इतक्या लहान मुलांचं बघत नाहीत. ती मोठी झाली, की तिचं ती ठरवेल. तेव्हा सांगायचं तिला."

"मी सांगेन," दादा म्हणाला. "तू रडशील. मी नीट सांगेन तिला, हसवत हसवत." मग त्याने बहिणीकडे बघितलं. तिचं तोंड तो लहानपणापासून वाचत आला होता. "तोवर असेन ना गं मी?"

पलीकडच्या कॉटवर कुणाचीतरी घंटी वाजत होती. नर्स 'आले, आले' म्हणत समोरून गेली.

"खोकला येतोय का?" बहिणीने विचारलं.

"नाही," दादा म्हणाला.

तरी तिने उशी सोडली नाही.